उंटकटाऱ्यावरचा भुंगेरा

करडईची कोवळी भाजी मी गेल्या कित्येक वर्षांत खाल्लेली नाही. साताऱ्यात आमच्या दारावर येणारी भाजीवाली अजून आग्रह करते, "बाई, आजच खुडलीया, घ्या की," आणि मी मेथीची जुडी उचलते. तसं करडईशी माझं काही वाकडं नाही. माझं सगळं लहानपण त्याच पिकाच्या वासात गेलं. आमचं गाव फलटणच्या वाटेवर, पण कालव्याचं पाणी जिथवर पोचलं त्याच्या अलीकडचं. तिकडं ऊस आणि आमच्याकडं ज्वारी, करडई आणि हुलगा. दिवाळीच्या सुमाराला करडईची रोपं वीतभर झाली की काकी ओटीत पानं खुडून आणायची. लोखंडी कढईत लसूण तडतडला की त्याचा वास दारापर्यंत यायचा. तेलही करडईचंच, घाण्यावरून डब्यात भरून आणलेलं. तात्या जेवताना बोलत नसत. भाकरी मोडल्याचा, पाण्याचा तांब्या खाली ठेवल्याचा आणि चुलीतलं लाकूड सरकवल्याचा एवढाच आवाज. मी अंधूक दिव्यात वाचत जेवायची आणि काकी म्हणायची, "आगं, ताटात बघून जेव, अक्षरं काय पोटात जात न्हाईत."

तात्या म्हणजे माझे चुलते. माझे वडील फौजेत होते आणि आई त्यांच्याबरोबर एका छावणीतून दुसऱ्या छावणीत फिरत असायची. माझी शाळा दर दोन वर्षांनी मोडू नये म्हणून मला तात्या-काकींकडं ठेवलं होतं. त्यांना मूल नव्हतं. तात्या चौथीपर्यंत शिकलेले. मी सांगलीला कॉलेजात गेले आणि पुढं प्राणिशास्त्राच्या एम.एस्सी.ला बसले, तेव्हा तात्यांनी देवळासमोर बसलेल्या चार माणसांना मुद्दाम थांबून सांगितलं होतं, "आमची नंदी किड्यांची डाक्टर व्हनार हाय." लोक हसले. तात्या हसले नाहीत. त्यांना ते खरंच वाटत होतं. त्या माणसाचा माझ्या शब्दावर किती भरवसा होता, हे मला तेव्हा कळलं असतं तर मी तोंड जपून उघडलं असतं. पण विशीत हे कळत नाही. विशीत आपलं म्हणणं कुणीतरी ऐकतंय याचंच अप्रूप असतं.

आमच्याकडं दर वर्षी मेंढरं बसायला यायची. बिरूमामा आणि ठकूमावशी हे धनगर जोडपं पाऊस सरला की आपला कळप घेऊन निघायचं आणि वाटेत ठरलेल्या शेतांतून मुक्काम करत जायचं. शेतकऱ्याला मेंढरांचं खत मिळायचं, मेंढरांना कापलेल्या ज्वारीचं रान चरायला. आमच्या वरच्या रानात ते वाघरीचं जाळं लावून कळप कोंडायचे. चार-पाच दिवस आमच्या घराला वेगळाच आवाज असायचा. पहाटे मेंढरांचं बें-बें, ठकूमावशीची हाळी, कोकरांच्या गळ्यातल्या बारक्या घंटा. ती मला पहिल्या दुधाचा खरवस आणून द्यायची. मी लहान असताना तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपलेली आहे. तिच्या लुगड्याला लोकरीचा वास यायचा, तो मला अजून आठवतो. बिरूमामाही तात्यांसारखाच कमी बोलायचा. पण मी सांगलीहून आले की विचारायचा, "काय शिकलीस ताई ह्या बारीला?" मी बेडकाचं हृदय, झुरळाचं तोंड, असलं काहीबाही सांगायची आणि तो सगळं मनापासून ऐकायचा.

त्या वर्षी नवरात्रात मी दोन दिवसांसाठी घरी आले होते. वरच्या रानाच्या बांधावर उंटकटारा माजला होता. निळसर गोल बोंडं, हात लावला तर रक्त काढतील असे काटे आणि खालून पांढुरकी पानं. त्या पानांना बारीक भोकं पडलेली दिसली म्हणून मी वाकले. पानावर मसुराच्या डाळीएवढा एक हिरवा ठिपका होता. बोटानं हलवला तर तो पानाला आणखीनच चिकटला. तो भुंगेरा होता. पाठीवर कासवासारखी चपटी ढाल आणि ती कडेनं इतकी बाहेर आलेली, की खालचे पाय आणि डोकं काही दिसेना. ढालीच्या कडेला उन्हात सोन्याची झाक मारत होती. शेजारच्या पानावर त्याची अळी होती. तिनं आपली टाकलेली कात आणि विष्ठा शेपटीच्या टोकावर तोलून पाठीवर छत्रीसारखी धरली होती. मी बांधावर तासभर बसले असेन. असं काही मी पुस्तकाबाहेर कधी पाहिलं नव्हतं. काटेरी झाडामुळं माझी दोन्ही मनगटं ओरबाडून निघाली, पण शाईच्या रिकाम्या बाटलीत पाच-सहा भुंगेरे घेऊन मी सांगलीला गेले.

सांगलीत मी एका नातेवाइकांच्या घरी माडीवरच्या खोलीत राहत होते. खाली हळदीच्या पोत्यांचं गोदाम होतं, त्यामुळं माझ्या वह्या आणि कपडे कायम पिवळट वासाचे असायचे. प्रयोगशाळेत आम्हाला कीटक शिकवायला मुजावर सर होते. उंच, वाकलेले, चष्म्याची दांडी दोऱ्यानं बांधलेली. बाटली उघडली तर वाटेत मेलेल्या भुंगेऱ्यांचं सोनं उडालेलं होतं. सगळे मातकट, वाळलेल्या पानासारखे. मी हिरमुसले. सर म्हणाले, "मेल्यावर ह्यांचा रंग जातो. म्हणून रंगावरून ओळखायचं नसतं. पाय बघ, मिशांचे खंड मोज, ढालीची कड बघ." मी आठ दिवस सूक्ष्मदर्शकाखाली डोकं घालून बसले. मिशांचे खंड अकरा. पायाच्या शेवटच्या खंडावर दोन नख्या. पाठीवरच्या खळग्यांच्या रांगा. सरांच्या जाडजूड पुस्तकात ओळखीचा तक्ता होता. हे असेल तर इकडं जा, ते असेल तर तिकडं, असं करत करत मी एका नावाशी येऊन पोचले. कॅसिडा. ते प्रजातीचं नाव होतं, म्हणजे आडनावासारखं. त्या आडनावाची माणसं पुष्कळ असतात. पुस्तकात त्याखाली एक ओळ होती, की यातल्या काही जाती काटेरी रानझाडांवर आणि त्याच कुळातल्या पिकांवर जगतात. करडई उंटकटाऱ्याच्या कुळातली आहे, हे मला माहीत होतं. मी ती ओळ वहीत दोनदा उतरवली.

सरांना दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "आडनाव बरोबर आहे. नाव अजून कळलेलं नाही. नाव कळेपर्यंत लेबलवर 'माहीत नाही' असं लिही. आणि जिवंत आण. काचेच्या बरणीत करडईचं पान टाक, खातो का बघ. खाल्लं तर खातो म्हण."

"पण सर, पुस्तकात दिलंय."

"पुस्तकात 'काही' असं दिलंय," ते म्हणाले. "तुझा भुंगेरा त्या काहींतला आहे का, ते त्याला विचार."

आज माझ्याकडं येणारी मुलं मोबाईलनं फोटो काढतात आणि क्षणात मला नाव दाखवतात. बऱ्याचदा ते चूक असतं. मी त्यांच्यावर रागावत नाही. मी त्यांना फक्त विचारते, की हे नाव तुम्ही कुणाला सांगितलंत का. ती गोंधळतात. एवढ्या बारक्या किड्याच्या नावानं कुणाचं काय बिघडणार, असं त्यांच्या चेहऱ्यावर असतं.

दिवाळीच्या सुट्टीला घरी आले तर करडई वीतभर झाली होती आणि तात्या मला घेऊन वरच्या रानात गेले. अर्ध्या रानात कापलेल्या ज्वारीची बुडखी होती आणि अर्ध्यात करडई. पानांना भोकं होती. फार नव्हती, पण होती. तात्या म्हणाले, "दरसाल थोडं असतंच. बघ आपलं, तू शिकतीस म्हनून दावलं." मी बांधावरच्या उंटकटाऱ्याकडं गेले. तिथं भुंगेरे होतेच, आता शंभरानं. मी पानं उलटीपालटी केली, दोन्हीकडची भोकं पाहिली आणि मला ती सारखी दिसली. मला ती सारखी दिसायला हवी होती. बरणीचा प्रयोग करायला आठ-दहा दिवस लागले असते. मी तात्यांना तिथंच सगळं सांगितलं. भुंगेऱ्याचं नाव, त्याचं कुळ, तो बांधावर वाढतो आणि मग पिकात उतरतो. मी हे इतक्या ठामपणानं सांगितलं, की सांगताना माझं मलाच ते पटत गेलं.

तात्या म्हणाले, "मंग काय करावं म्हनतीस?"

"फवारा. आणि नुसतं पिकात मारून उपयोग नाही तात्या. मूळ बांधावर आहे. उरलेलं सगळं औषध बांधावर ओता."

तात्यांनी आमच्या रानात तोवर कधी फवारणी केली नव्हती. त्यांनी शेजाऱ्याचा पंप मागून आणला, फलटणहून औषधाची बाटली आणली. बाटलीवर जहाल विषाचा लाल त्रिकोण होता. त्यांनी तोंडाला उपरणं बांधून दिवसभर फवारलं. संध्याकाळी दोन पंप उरले ते त्यांनी मी सांगितल्याप्रमाणं बांधावर मारले. उंटकटारा, त्याखालचं हिरवं गवत, सगळं निथळून निघालं. सडक्या लसणासारखा वास घरापर्यंत आला. काकीनं त्या दिवशी भाजी खुडली नाही. "पंधरा दिस त्या रानात पाय ठिवायचा न्हाई," तात्यांनी सांगितलं. मेंढरं यायला अजून आठवडा होता. ती आली की त्यांना खालच्या रानात बसवायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

मेंढरं तिसऱ्या दिवशीच आली. आधीच्या गावातलं रान लहान निघालं म्हणून बिरूमामानं मुक्काम आवरता घेतला होता. तात्या फलटणला बाजारला गेले होते. मी आणि काकी स्वयंपाकघरात चकल्या पाडत होतो. सकाळची नऊ-साडेनऊची वेळ असेल. लांबून घंटांचा आवाज आला, मग मेंढरांचा, मग ठकूमावशीची हाळी. काकी म्हणाली, "आली वाटतं लवकर." मला आनंद झाला. मी पिठाचे हात घेऊन दारापर्यंत गेले आणि कळप वरच्या रानाकडं वळताना पाहिला. दर वर्षी तो तिकडंच वळायचा. मी हात हलवला, ठकूमावशीनंही हलवला आणि मी आत येऊन पुढची चकली पाडली. याचा मी हजार वेळा विचार केला आहे. मी विसरले, असं म्हणायची सोय आहे. पण विसरले म्हणजे नेमकं काय झालं, ते मला आजही सांगता येत नाही. तो वास अजून अंगणात होता.

दुपारी ठकूमावशी धावत आली. तिचा पदर खांद्यावरून गळून मातीत ओढत होता. "पोरी, चल, मेंढरं पडाय लागली," एवढंच ती म्हणाली. मी गेले तेव्हा बांधालगत सहा पडली होती आणि बाकीची पाय फाकून थरथरत उभी होती. तोंडातून फेस, नाकातून पाणी, मागून ढाळ. एक गाभण मेंढी आडवी पडून पाय झाडत होती आणि बिरूमामा तिचं डोकं मांडीवर घेऊन तिच्या तोंडात ताक ओतत होता. ताक बाहेर येत होतं. मी तिचं बुबुळ पाहिलं. ते टाचणीच्या टोकाएवढं झालं होतं. तिच्या तोंडाला सडक्या लसणाचा वास होता. बिरूमामाला त्या वासाची ओळख नव्हती. मला तिथंच सगळं कळलं. एवढं स्वच्छ निदान मी पुढं आयुष्यात फार थोड्या वेळा केलं असेल. गावात जनावरांचा डॉक्टर नव्हता. तालुक्याला माणूस पाठवला, पण त्याला डॉक्टर मिळाला नाही. उन्हं उतरेपर्यंत अकरा मेंढरं गेली.

तात्या बाजारातून आले ते थेट रानात. तोवर गावातली पाच-सहा माणसं जमली होती. तात्यांनी पडलेली जनावरं पाहिली, बांध पाहिला आणि माझ्याकडं पाहिलं. मी खाली बघितलं. त्यांचा चेहरा मला दिसला नाही, पण त्यांचा आवाज ऐकू आला. नेहमीपेक्षा जरा मोठा.

"कोंब खाल्लं आसतील ज्वारीचं," ते म्हणाले. "कापल्यावर बुडख्याला कवळं कोंब फुटत्यात. त्यात इख असतंय."

माणसांनी माना हलवल्या. हे सगळ्यांना माहीत होतं. ज्वारीच्या कोवळ्या कोंबांनी जनावरं मरतात, हे आमच्याकडं पोरंसोरंही जाणतात. बिरूमामाही जाणत होता. तो सावकाश उठला.

"न्हाई आबा," तो तात्यांना म्हणाला. "कोंब आसतं तर म्या मेंढरू आत घातलं नसतं. सारं रान फिरून बघितलं की. वाळल्यालं बुडखं हाय निस्तं. कोंब न्हाई."

मग तो माझ्याकडं वळला. त्याच्या धोतरावर मेंढीचा फेस वाळला होता.

"ताई, तू शिकल्याली हायस. तू सांग. कशानं मेली?"

मी तात्यांकडं पाहिलं. ते माझ्याकडं बघत नव्हते. ते पायानं ढेकूळ फोडत होते. त्यांनी जे खोटं सांगितलं होतं, ते स्वतःसाठी सांगितलं नव्हतं. फवारा मारायला कुणी सांगितलं, हे त्या माणसांपुढं येऊ नये म्हणून सांगितलं होतं. किड्यांची डॉक्टर होणारी पोरगी गावात हसण्यावारी जाऊ नये म्हणून. हे मला त्या क्षणी कळत होतं आणि तरीही मी खरं बोलू शकले असते. मला वाचवायची ती धडपड मी मोडून काढू शकले असते. मी म्हणाले, "ज्वारीनंच, मामा."

"पर कोंब न्हाई की गं."

"कोंबच लागतात असं नाही," मी म्हणाले. माझा आवाज वर्गात उत्तर द्यावा तसा होता. "वाळलेल्या बुडख्यातसुद्धा ते विष राहतं कधी कधी. दिसत नाही. जनावराला ओळखू येत नाही."

यातलं एक अक्षर खरं नव्हतं. वाळल्यावर ते विष उलट कमी होतं, हे मी वाचलेलं होतं. बिरूमामानं थोडा वेळ विचार केला आणि मान हलवली. त्याला पटलं. त्याला पटताना मी पाहिलं. मग तो तात्यांकडं वळून म्हणाला, "आबा, सनासुदीचं तुमच्या रानात घान झाली. माफी करा." तात्यांनी त्याचा हात धरला आणि सोडला. दोघांनी मिळून खड्डा खणायला घेतला. ठकूमावशी गाभण मेंढीपाशी बसली होती. ती रडत नव्हती. ती मेंढीच्या पोटावर हात ठेवून आत काही हलतंय का ते बघत होती.

दुसऱ्या दिवशी नरकचतुर्दशी होती. काकीनं मला तेल लावून न्हाऊ घातलं. तात्यांनी धनगराला दोन पोती ज्वारी देऊ केली, ती बिरूमामानं घेतली नाही. ज्वारीचं नावच नको, म्हणाला. सकाळी उरलेला कळप घेऊन ते दोघं निघून गेले. निघताना ठकूमावशीनं माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि कानशिलावर बोटं मोडली. चकल्या डब्यात तशाच राहिल्या. पुढं त्या नरम पडल्या आणि काकीनं गाईला घातल्या.

सांगलीला परत जाताना मी बरोबर जिवंत भुंगेरे आणि त्यांच्या अळ्या नेल्या. फवाऱ्यातून वाचलेले काही ओढ्याकडच्या उंटकटाऱ्यावर मिळाले. माडीवरच्या खोलीत मी दोन बरण्या मांडल्या. एकीत उंटकटाऱ्याचं पान, दुसरीत करडईचं. रोज ताजं पान टाकायची, तोंडाला मलमल बांधायची. पहिल्या बरणीतले भुंगेरे खात राहिले, अळ्या वाढल्या, पानाची चाळणी झाली. दुसऱ्या बरणीतले करडईच्या पानावर चढायचे, मिशा लावून बघायचे आणि उतरून काचेवर जाऊन बसायचे. त्यांनी एक घास घेतला नाही. चौथ्या दिवशी दोन मेले, सहाव्या दिवशी तीन. अळ्या त्याआधीच वाळल्या होत्या. आठव्या दिवशी शेवटचा भुंगेरा पानाच्या देठाशी उलटा पडला होता आणि पान कोरं होतं. मी ते पान खिडकीशी उजेडात धरून कितीतरी वेळ पाहिलं. मला कुठंतरी एक भोक हवं होतं. एक ओरखडासुद्धा चालला असता.

दोन्ही बरण्या मी मुजावर सरांना नेऊन दाखवल्या. त्यांनी चष्मा वर करून पानं पाहिली. "बघ, त्यानं सांगितलं तुला," ते म्हणाले. "हा पिकाला नाही शिवत." मग त्यांनी सहज विचारलं, "मग तुमच्या करडईला भोकं कुणी पाडली?"

मला माहीत नव्हतं. मी बघितलंच नव्हतं. बहुधा साधी हिरवी अळी असावी, दिवसा मातीत दडणारी. मी सरांना बाकी काहीच सांगितलं नाही. त्यांनी माझ्या लेबलवर खाली सही केली आणि त्या भुंगेऱ्याची पेटी कॉलेजच्या कपाटात गेली. पुढं एका जाणकाराला नमुना पाठवून त्याचं पूर्ण नाव मिळालं, लॅटिनमधलं, दोन शब्दांचं. त्या कामाचं कौतुक झालं. मला त्यावरच नोकरी मिळाली, असं म्हटलं तरी चालेल.

तात्यांशी मी या विषयावर कधीच बोलले नाही आणि तेही माझ्याशी बोलले नाहीत. पुढच्या वर्षी बिरूमामा आला नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. दिवाळीच्या सुमाराला तात्या संध्याकाळी रस्त्याकडं बघत बसायचे. शेवटच्या आजारपणात एकदा ते काकीला म्हणाले, "वरच्या रानाला खत न्हाई ऱ्हायलं," आणि मी औषध काढून देण्यासाठी उठून आत गेले. मी पुढं साताऱ्यात तीस-एक वर्षं शिकवलं. हजारो किड्यांना नावं दिली. लोक चिठ्ठ्या घालून, डब्यांत भरून किडे पाठवायचे आणि मी नेमकं उत्तर द्यायची, किंवा 'माहीत नाही' असं लिहायची. माझ्या या सावधपणाचं विद्यार्थ्यांना फार कौतुक. मला ते ऐकवत नाही.

निवृत्त झाल्यावर मी ठकूमावशीला शोधायला लागले. आधी कधी शोधलं नव्हतं. विचारत विचारत गेल्या हिवाळ्यात पत्ता लागला. फलटणच्या बाहेर कालव्याच्या रस्त्याकडेला तिचा धाकटा मुलगा पंचवीस-तीस मेंढरं घेऊन उतरला होता. एका झाडाखाली घोड्यावरचं सामान उतरवलेलं होतं आणि घोंगडीवर ती बसली होती. खूप म्हातारी झालेली, पण डोळे तेच. मी नाव सांगितल्याबरोबर तिनं ओळखलं. जवळ बसवून घेतलं, माझे पांढरे केस बोटानं चाचपले. सुनेला म्हणाली, "चा ठिव गं, ही आमची नंदाताई. लय शिकल्याली हाय."

बिरूमामा जाऊन बारा वर्षं झाली होती. कळप एवढासाच कसा, असं मी विचारलं, तर ती साधेपणानं सांगत गेली. ज्वारीच्या रानात मेंढरू घालायचं नाही, हे त्या दिवसापासून ठरलं. उन्हाळ्यात सगळ्यांचे कळप कापलेल्या ज्वारीच्या रानांतून फिरायचे आणि त्यांचा तेवढा रस्त्याकडेला. गवतासाठी बिरूमामानं कळप कोयनेकडं न्यायला सुरुवात केली. तिकडचा पाऊस आमच्याकडच्या मेंढरांना सोसला नाही. खूर सडले, जनावरं लंगडत घाट उतरताना गेली. शंभरावरचा कळप पाच-सहा वर्षांत चाळिसावर आला. थोरला मुलगा कंटाळून कुपवाडला कारखान्यात लागला. "त्यानी लय भांडान केलं बापाशी," ती म्हणाली. "सारी दुनिया बुडख्यात मेंढरं घालती म्हनला. पर ह्यांनी न्हाई ऐकलं. ताईनं सांगितलंय म्हनायचं. वाळल्याल्यात बी असतंय, दिसत न्हाई. मरूस्तवर तेच सांगत हुतं."

मी तिचे दोन्ही हात धरले. इतक्या वर्षांत मी हे वाक्य मनात पुष्कळदा जुळवलं होतं, पण तोंडातून ते तुटक तुटकच आलं. "मावशी, ते खोटं होतं. ज्वारीत काही नव्हतं. बांधावर औषध मारलं होतं. मीच मारायला लावलं होतं. त्यानं मेली मेंढरं. मला तेव्हाच कळलं होतं आणि मी तुमच्याशी खोटं बोलले."

मला वाटलं, आता ती हात सोडवून घेईल. मला ते हवंही होतं. पण तिनं माझ्या गुडघ्यावर थोपटलं, जसं चुकलेल्या पोराला थोपटतात.

"न्हाई गं पोरी," ती म्हणाली. "तवा तुझं शिकल्यालं ताजं हुतं. आता वय झालं तुझं बी. इसारली आसशील. आसं व्हतंय."

"मावशी, मी विसरलेले नाही."

"आसूदे, आसूदे. चा घे, निवतोय."

मी मुलालाही सांगितलं, दोनदा सांगितलं. तो मान हलवत राहिला आणि आईकडं बघत राहिला. रस्त्यापलीकडं नुकतंच कापलेलं ज्वारीचं मोठं रान होतं. कोरडी, पिवळी बुडखी लांबपर्यंत गेलेली. त्याचा मालक मोटारसायकल थांबवून, "घाला की आत मेंढरं, कोन न्हाई म्हनतंय का," असं ओरडून गेला. चार मेंढरं त्या बाजूला वळली. ठकूमावशीनं घोंगडीवरूनच हाळी दिली, तशी सून काठी घेऊन धावली आणि तिनं ती चारही मेंढरं पुन्हा रस्त्यावरच्या धुळीत आणून सोडली.